एकविसावी तार

डॉसच्या काळात संगणकावर बसलेल्या माणसाला एक ओळ ओळखीची वाटेल. मशीन सुरू केले की रॅमची मोजणी व्हायची, फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा लागून विझायचा आणि काळ्या पडद्यावर ‘हायमेम’ या ड्रायव्हरची दोन-तीन निवेदने उमटायची. त्यांतले एक असे, की ए२० हँडलर क्रमांक १ बसवला आहे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या, आपण सरसकट ‘असेंबल्ड’ म्हणायचो त्या मशीनवरही बहुधा हाच आकडा यायचा. दुसरा आकडा कुठे लागतो, हे एमएस-डॉस ६ च्या मदतपानावर दिलेले आहे. त्या काळच्या क्लोन संगणकांच्या इतिहासाचे इतके प्रामाणिक साधन मला दुसरे सापडलेले नाही.

त्या पानावर १ ते १७ क्रमांकांचा तक्ता आहे. १ म्हणजे आयबीएम पीसी-एटी, २ पीएस/२, ३ फिनिक्स कॅस्केड बायोस, ४ एचपी व्हेक्ट्रा, ५ एटी अँड टी ६३०० प्लस, ६ एसर ११००, ७ तोशिबाची दोन मॉडेल, ८ वाइज कंपनीचे साडेबारा मेगाहर्ट्‌झचे २८६, ९ ट्युलिप एसएक्स, १० झेनिथ. (हे झेनिथ अमेरिकेतले, मुंबईच्या झेनिथ कॉम्प्युटर्सशी त्याचा संबंध नाही.) ११, १२ आणि १३ वर पुन्हा आयबीएम एटीच आहे, फक्त थांबण्याचा काळ निराळा. पुढे बुल मायक्रल येते आणि शेवटी डेल. आयबीएमची स्वतःची यंत्रे सोडली, तर बाकीची सगळी ‘आयबीएम कंपॅटिबल’ म्हणून विकली गेलेली. त्यांवर तोच डॉस चालायचा, तेच लोटस चालायचे. तरीही एका तारेला हात लावायचा तर सतरा क्रमांक लागत होते.

ही तार म्हणजे प्रोसेसरच्या पत्त्याची एकविसावी रेषा. मोजणी शून्यापासून होते, म्हणून तिचे नाव ए२०. तिला दार का बसवावे लागले आणि प्रत्येक कारखान्यात त्या दाराची कडी वेगळी का निघाली, हे एका कागदात सापडत नाही. डॉसचा मूळ कोड, इंटेलचे माहितीपत्रक, आयबीएमची तांत्रिक संदर्भपुस्तके आणि हायमेमचे हे मदतपान अशी साधने शेजारीशेजारी ठेवली की हकिकत जुळते.

इंटेलचा ८०८६ जून १९७८ मध्ये आला. त्याला पत्त्याच्या वीस तारा होत्या, म्हणजे १०,४८,५७६ बाइटपर्यंत पोच. आतली रजिस्टरे मात्र सोळा बिटांची. म्हणून पत्ता दोन तुकड्यांत ठेवायचा: सेगमेंटला १६ ने गुणायचे आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. दोन्ही तुकडे जास्तीत जास्त ६५,५३५ असू शकतात, तेव्हा बेरीज ११,१४,०९५ पर्यंत जाते. वीस तारांत ती मावत नाही. वरचा बिट वाहून न्यायला तारच नसल्यामुळे तो गळतो आणि पत्ता पुन्हा शून्यापासून मोजला जातो, घड्याळात बारानंतर एक वाजावा तसा. या गळतीवर कोणी भरवसा ठेवला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

भरवसा ठेवला गेला तो सिॲटलमध्ये. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी १९८० साली ८६-डॉस लिहिली. तीच पुढे मायक्रोसॉफ्टने घेतली आणि आयबीएमच्या पीसीवर गेली. तिच्या १.२५ या आवृत्तीचा मूळ कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने २०१४ मध्ये लोकांसमोर ठेवला आणि २०१८ मध्ये तो खुल्या परवान्याखाली आला. वर पॅटरसन यांचे नाव आहे, खाली डिसेंबर १९८० पासूनच्या फेरबदलांची नोंदवही आहे. इतिहासाचे साधन म्हणून असा कागद विरळा. लिहिणाऱ्याचा हात त्यात जसाच्या तसा दिसतो.

त्या कोडात एक लहानसा भाग आहे, नव्या प्रोग्रॅमसाठी मेमरीची मांडणी करणारा. त्या वेळी बाजारात गॅरी किल्डल यांची सीपी/एम ही प्रणाली रूढ होती. तिच्यात प्रोग्रॅमला प्रणालीकडून काही काम करून घ्यायचे असेल तर तो मेमरीतल्या ५ क्रमांकाच्या पत्त्याला हाक मारायचा. तिथे उडीची आज्ञा असायची. उडी कुठे घ्यायची तो आकडा पत्ता ६ वर. प्रणाली मेमरीच्या वरच्या टोकाला बसलेली असल्यामुळे हाच आकडा ‘आपल्याला किती मेमरी मोकळी आहे’ याचेही उत्तर असायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दोन्ही अर्थ वापरले होते. जुने प्रोग्रॅम यांत्रिकपणे भाषांतर करून ८०८६ वर आणता यावेत, अशी पॅटरसन यांची योजना होती. त्यांनी तसा अनुवादक प्रोग्रॅमही दिला होता. तेव्हा ५ वर हाक आणि ६ वर मेमरीचे माप, दोन्ही पाळणे आले. पण त्यांची प्रणाली मेमरीच्या वर नव्हती, खाली होती. तिचे दार पत्ता १९२ वर, म्हणजे सेगमेंट १२ वर होते. बारा सोळे एकशे ब्याण्णव.

एकाच आकड्याने मेमरीचे माप सांगायचे आणि तोच आकडा ऑफसेट म्हणून वापरला असता उडी नेमकी १९२ वर पडायची, अशी ही अडचण. पॅटरसन यांनी ती वजाबाकीने सोडवली. मेमरीचे माप सोळाच्या पटीत, कमाल ४,०९५. ते १२ मधून वजा केले की उणे ४,०८३ येतात. सोळा बिटांत उणे संख्या वरून मोजली जाते, म्हणून तिथे ६१,४५३ लिहिले जातात. आता सेगमेंट ६१,४५३ गुणिले १६ म्हणजे ९,८३,२४८. त्यात ऑफसेट ६५,५२० मिळवले की १०,४८,७६८. वीस तारांची मर्यादा १०,४८,५७६. बाकी उरते १९२.

हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर करून पाहिला तेव्हा बराच वेळ त्याकडे बघत राहिलो. ६५,५२० हे मेमरीचे खरे माप आहे, प्रोग्रॅमने वाचले तर त्याला बरोबर उत्तर मिळते. उडी मारली तर मेगाबाइटचे टोक ओलांडून ती पलीकडून खाली, नेमकी दारावर येते. एक बाइटही वाया गेलेला नाही. ज्या काळी मेमरी किलोबाइटने विकत घेतली जात होती, त्या काळच्या कारागिराचे हे कसब आहे. ८०८६ च्या गळतीचा असा उपयोग करण्यात तेव्हा धोकाही दिसत नव्हता. प्रोसेसर तसाच वागत होता.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर झाला. त्यातला ८०८८ आतून ८०८६ च असल्याने वीस तारा कायम राहिल्या. मग फेब्रुवारी १९८२ मध्ये इंटेलने ८०२८६ आणला, चोवीस तारांचा. जुन्या पद्धतीने चालवला तर तो ८०८६ सारखा वागेल असे वचन होते. पण बेरीज मेगाबाइटच्या पुढे गेली की एकविसावी तार आता अस्तित्वात होती आणि ती बिट इमानाने बाहेर नेत होती. गळती बंद झाली. इंटेलचे माहितीपत्रक याबाबत गप्प नाही. जुन्या पद्धतीत मेमरी ए० ते ए१९ या तारांनी ओळखावी आणि ए२० ते ए२३ कडे यंत्राने लक्ष देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे सांभाळून घेण्याचे काम बोर्ड बनवणाऱ्यावर सोपवले होते.

आयबीएमने ते काम १४ ऑगस्ट १९८४ ला जाहीर झालेल्या पीसी-एटीत केले. मोठ्यात मोठी बेरीज ११,१४,०९५ असल्यामुळे चारपैकी एकच तार अडवली तरी पुरते. म्हणून ए२० च्या वाटेवर एक दार बसवले. दार बंद असेल तर तार कायम शून्य आणि जुनी गळती परत. उघडे असेल तर पुढची मेमरी मोकळी. हे दार उघडायला-मिटायला एक नियंत्रक पिन हवी होती. ती सापडली कीबोर्ड कंट्रोलरवर. इंटेलची ८०४२ ही चिप म्हणजे स्वतःच एक छोटा संगणक, आत दोन किलोबाइटचा प्रोग्रॅम. कीबोर्डच्या कळा वाचून तिच्या काही पिना रिकाम्या राहत होत्या. संदर्भपुस्तकात तिच्या आउटपुट पोर्टचा तक्ता आहे: बिट ० प्रोसेसर रीसेट करण्यासाठी, बिट १ ए२० च्या दारासाठी, बिट २ आणि ३ अनिर्धारित, वरचे चार कीबोर्डच्या देवाणघेवाणीसाठी. याच पुस्तकातल्या बायोसच्या लिस्टिंगमध्ये दार उघडण्याचा बाइट ११०१११११ आणि मिटण्याचा ११०१११०१ असा दिलेला आहे. आधी पोर्ट ६४ वर आज्ञा पाठवायची, मग पोर्ट ६० वर हा बाइट, आणि दर वेळी कंट्रोलर मोकळा होईपर्यंत थांबायचे. कळा वाचणाऱ्या चिपकडे मेमरीचे दार जाण्याला याहून खोल कारण शोधू नये. पिन तिथे होती.

आता नकला करणाऱ्यांकडे वळू. आयबीएमने पीसीसोबत सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा संपूर्ण असेंब्ली कोड छापून विकला, हे सर्वांना माहीत आहे. त्या लिस्टिंगच्या तोंडाशी असलेली सूचना मात्र क्वचित वाचली जाते. बायोसची कामे फक्त इंटरप्टमधून करून घ्यावीत, लिस्टिंगमधले पत्ते निव्वळ पूर्णतेसाठी छापले आहेत, त्यांवर विसंबणारा प्रोग्रॅम बायोसच्या रचनेचा भंग करतो, अशा आशयाची ती आहे. आणि तिच्याखाली पानोपानी पत्ते! प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ते वापरले. परिणाम असा, की ह्यूस्टनमध्ये फेब्रुवारी १९८२ मध्ये रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी काढलेल्या कॉम्पॅकला, आणि मे १९८४ मध्ये बायोसची नक्कल इतर कारखान्यांना विकू लागलेल्या फिनिक्सला, कोड नव्याने लिहूनही काही जागा हलवता आल्या नाहीत. कॉपीराइटच्या भीतीने एका गटाने मूळ कोड वाचून फक्त कामाचे वर्णन लिहायचे आणि मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून प्रोग्रॅम रचायचा, अशी कडक शिस्त होती. भीती खोटी नव्हती. १९८४ मध्येच आयबीएमने कोरोना आणि ईगल या कंपन्यांना बायोसच्या नकलेवरून न्यायालयात खेचले आणि दोघींनी तडजोड केली. शिस्त पाळूनही दाराच्या जागा मात्र त्याच ठेवाव्या लागल्या. आठ किलोबाइटच्या त्या पहिल्या रॉममध्ये सुरुवातीपासून ९१ बाइटांवर चाचणीचा आरंभ, २,०९४ वर कीबोर्ड, ३,१६१ वर डिस्क, ४,१९७ वर पडदा, ६,७६६ वर अक्षरांचे साचे. आतला मजकूर पूर्ण वेगळा, पत्ते तेच.

गंमत अशी, की सूचना देणाऱ्या आयबीएमलाही यातून सुटका नव्हती. एटीच्या लिस्टिंगमध्ये या ठरलेल्या जागांसाठी एक वेगळे प्रकरणच आहे आणि या जागा जिथल्या तिथे राहिल्या पाहिजेत असे त्यात नमूद केले आहे. आज व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या सीबायोस या मुक्त बायोसचा कोड उघडला तरी तेच आकडे भेटतात.

इथे दोन साधने एकमेकांसमोर ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. बायोसच्या जागा सगळ्या क्लोनमध्ये तंतोतंत सारख्या आहेत, कारण त्या छापल्या गेल्या होत्या. ए२० चे दार वेगवेगळे निघाले, कारण त्याविषयीची अर्धीच माहिती छापली गेली. आज्ञा छापल्या होत्या. पण ८०४२ च्या पोटातला दोन किलोबाइटचा प्रोग्रॅम संदर्भपुस्तकात नव्हता. आज्ञा मिळाल्यापासून पिन हलेपर्यंत किती वेळ जातो, हे त्या प्रोग्रॅमवर ठरते. फिनिक्स, एएमआय आणि इतरांनी आपापले कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहिले, प्रत्येकाची गती निराळी. हायमेमच्या तक्त्यात एटीचे नाव ११, १२ आणि १३ वर पुन्हापुन्हा येते आणि फक्त थांबण्याचा काळ बदलतो, त्याचा उलगडा यातच आहे असे मला वाटते.

रिकाम्या बिटांची कथा याहून बोलकी आहे. हायमेमच्या त्याच पानावर ‘सीपीयूक्लॉक’ नावाचा एक पर्याय आहे. हायमेम चढवल्यावर संगणकाचा वेग बदलत असेल तर हा पर्याय वापरून पाहा, मात्र त्यामुळे हायमेम मंद होईल, असा सल्ला तिथे दिला आहे. मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरने प्रोसेसरचा वेग का बदलावा? उत्तर एटीच्या तक्त्यात आहे. बिट २ आणि ३ अनिर्धारित. काही क्लोनवाल्यांनी या मोकळ्या पिनांपैकी एकीला टर्बोचा वेग जोडला, कीबोर्डवरून कळा दाबून वेग कमी-जास्त करता यावा म्हणून. आयबीएमचा बाइट ११०१११११ मात्र संपूर्ण पोर्टवर जातो; त्यात ए२० चा बिट एकटा हलत नाही, २ आणि ३ दर वेळी १ होतात. आयबीएमच्या बोर्डावर त्या पिना कुठेच जात नसल्यामुळे कोणाला फरक पडत नव्हता. क्लोनवर तोच बाइट पाठवला की दारही उघडायचे आणि मशीनचा वेगही बदलायचा.

आणि हे दार दिवसातून एकदाच उघडायचे नव्हते. १९८८ पर्यंत लोकांच्या ध्यानात आले होते, की दार उघडे ठेवले तर जुन्या पद्धतीतही मेगाबाइटच्या वरची एक पट्टी हाती येते: १०,४८,५७६ पासून ११,१४,०९५ पर्यंत, एकूण ६५,५२० बाइट. पॅटरसन यांच्या वजाबाकीतलाच हा आकडा. ६४० किलोबाइटांच्या चिमटीत सापडलेल्या डॉसला ही पट्टी मोठा आधार होती. मायक्रोसॉफ्ट, लोटस, इंटेल आणि एएसटी यांनी तिच्या वापराचे नियम ठरवले आणि हायमेम ते पाळू लागला. कीबोर्ड कंट्रोलरमार्फत दार हलवणे यासाठी फारच संथ होते. आयबीएमने एप्रिल १९८७ च्या पीएस/२ मध्ये पोर्ट ९२ वर थेट बिट दिला. चिप्स अँड टेक्नॉलॉजीजसारख्या चिपसेट बनवणाऱ्यांनी कंट्रोलरकडे जाणारी आज्ञा वाटेतच ओळखून दार स्वतः हलवण्याची युक्ती काढली. असेंबल्ड मशीनच्या बायोस सेटअपमध्ये ‘गेट ए२० ऑप्शन’समोर ‘नॉर्मल’ किंवा ‘फास्ट’ निवडावे लागे, ते यासाठी.

दार कायमचे उघडे राहू लागल्यावर जुन्या गळतीवर विसंबलेले आणखी प्रोग्रॅम उघडे पडले. मायक्रोसॉफ्टच्याच लिंकरमध्ये प्रोग्रॅम आवळून लहान करण्याची सोय होती. आवळलेला प्रोग्रॅम सुरू होताना आपला आपण उलगडायचा, आणि मेमरीच्या पहिल्या ६४ किलोबाइटांत चढवला गेला तर त्या उलगडण्याचा हिशेब गळतीवरच चालायचा. एरवी त्या भागात डॉस बसलेला असल्यामुळे अशी वेळ येत नसे. जून १९९१ मध्ये डॉस ५ आला, स्वतः वरच्या पट्टीत राहायला गेला आणि खालची जागा मोकळी झाली. मग धडधाकट फाइलसमोर ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ असा निरोप येऊ लागला. त्यावर ‘लोडफिक्स’ ही आज्ञा डॉससोबतच दिली गेली. तिचे काम एवढेच: प्रोग्रॅमला ६४ किलोबाइटच्या वर चढवणे.

१९८९ च्या ८०४८६ मध्ये इंटेलने हे दार प्रोसेसरवरच घेतले आणि त्यासाठी वेगळी पिन ठेवली. नंतरच्या चौसष्ट बिटी प्रोसेसरांच्या इंटेल हस्तपुस्तिकेत ही पिन नव्या चिपांवर नसू शकेल, अशी नोंद आहे.

डॉस ५ च्या स्थलांतरात पॅटरसन यांच्या हाकेचाही विचार करावा लागला होता. दार उघडे असताना ६१,४५३ गुणिले १६ अधिक ६५,५२० ही बेरीज आता १९२ वर उतरत नव्हती. ती खरोखरच १०,४८,७६८ वर, वरच्या पट्टीत जात होती. म्हणून डॉसने वर राहायला जाताना नेमक्या त्या पत्त्यावर पाच बाइट मोकळे ठेवले आणि खालच्या दारावर होती तीच उडीची आज्ञा तिथेही लिहिली. दार बंद असेल तर हाक खाली १९२ वर पोचायची, उघडे असेल तर वर. दोन्हीकडे डॉसच उत्तर द्यायचा.